डोळं बांधल्यालं केळवण

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत भाजीची गाडी शेवटच्या ओळीपाशी आली, की भाजीवाला आधी पाणी पिऊन घ्यायचा. कारण तिथं यमुना शेडगे उभी असायची. मटार कुठला, बाराबंकीचा का? तिकडं पाणी विहिरीचं का कालव्याचं? तुझ्या घरात शेंगा कोण तोडतं? घरवाली माहेरी गेली होती ती आली का? एवढं विचारून बाई अर्धा किलो मटार घ्यायची आणि वर कोथिंबीर उचलायची.

भाजीवाला म्हणायचा, “आंटी, आप तो थानेदार से भी ज़्यादा पूछती हैं.”

“थानेदार को तेरे घरवाली की फिकर है क्या?” यमुना म्हणायची.

हाडाचीच चौकस बाई. माणदेशातली. तिकडं पाऊस कमी आणि चौकशा फार. नवरा नरहर रेल्वेच्या संशोधन कचेरीत फिटर. तो संध्याकाळी घरी आला, की आज कुठला नट कुठं बसवला, इथपासून तिची सुरुवात व्हायची. एकवीस वर्षं लखनौत काढली, पण मराठी बोलली ती माणदेशीच, आणि हिंदी बोलली तीही माणदेशीच. वरच्या मजल्यावरच्या श्रीवास्तव भाभींना आपल्या सासूचं माहेर कुठल्या तहसिलीत हे आठवलं नाही, तर त्या जिन्यातून यमुनेला हाक मारून विचारत. यमुनेला ठाऊक असायचं.

पण एक गोष्ट अशी होती, की तिच्याविषयी यमुनेनं कधी कुणाला एका शब्दानं विचारलं नव्हतं. ती म्हणजे केळवण. गावाकडं त्याला गडगनेर म्हणतात. लग्नाआधी जवळच्या घरांनी नवरीला बोलावून करायचं ते. आणि गंमत अशी, की लखनौमधल्या मराठी बायकांत केळवणाचं काहीही अडलं, की सगळ्याजणी विचारायला यायच्या त्या यमुनेकडंच.

हे कसं झालं, त्याची गोष्ट चौऱ्याहत्तर सालापासून आहे.

यमुनेचं लग्न झालं ते त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळात. तिचं माहेर म्हणजे गावाबाहेरची तीन घरांची वस्ती. सगळी माणसं खडी फोडायच्या कामावर. नरहरला रेल्वेत नोकरी लागलेली, त्याची सुट्टी आठ दिवसांची. कामावरनं आल्यावर यमुनेच्या आईनं तिचे हात घासून खडीची भुकटी काढली, हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी देवळात अक्षता टाकल्या. गडगनेर कोण करणार? ज्यांनी करायचं ते सगळे रांगेत हातोडी घेऊन बसलेले. त्याआधीही वस्तीवरनं कुणाच्या गडगनेराला जायचा तिला योग आला नव्हता. शब्द तेवढा कानावरचा.

वर्षभरानं नरहरनं तिला लखनौला आणलं. कॉलनीत तेव्हा मराठी घरं मोजून नऊ. त्यातल्या एका घरी मुलीचं लग्न ठरलं आणि नऊ घरच्या बायका केळवणाचं ठरवायला बसल्या. कोकणातली म्हणाली, नारळाशिवाय सुरुवातच नाही. खानदेशातली म्हणाली, मांडे हवेत. तिसरी म्हणाली, आमच्याकडं असलं काही नसतं. तासभर वाद झाला. त्यांत वडीलधाऱ्या होत्या पद्माबाई, रत्नागिरीच्या, एका साहेबांची बायको. त्या कंटाळल्या आणि कोपऱ्यात बसलेल्या एकोणीस वर्षांच्या यमुनेकडं वळून म्हणाल्या, “तू गं? तुमच्या घाटावर काय करतात?”

आठ बायका तिच्याकडं बघायला लागल्या. ‘माझं झालंच नाही’ असं म्हणायचं तिच्या जिवावर आलं. लग्नात केळवण झालं नाही, म्हणजे हिला मायेचं कुणी नव्हतं, असं त्या धरून चालल्या असत्या. तोंडाला आलं ते ती बोलून गेली.

“आमच्याकडं नवरीचं डोळं बांधत्यात. पाच घरनं येकच जिन्नस करून आणायचा. पाची घरचा येकेक घास भरवायचा. कुणाच्या हातचा, त्ये नवरीनं वळकायचं.”

“आणि नाही ओळखता आलं तर?” पद्माबाईंनी विचारलं.

“तर... तर नवऱ्याचं नाव घ्यायचं. पाच येळा.”

बायका खूश झाल्या. पाच घरचा शिरा झाला. नवरीनं पाचांतला एकसुद्धा ओळखला नाही. पंचवीस वेळा नाव घेऊन तिचा घसा बसला. पुढं ती रीतच पडली. कॉलनीतनं अलीगंजला गेली, अलीगंजातनं इंदिरा नगरला. दहाएक वर्षांत तिला नियमही फुटले. शिराच हवा. तोंड पूर्वेलाच हवं. फडकं पिवळंच हवं. हे पिवळं कुणी घुसडलं, ते यमुनेलाही ठाऊक नव्हतं. एकदा तिनं घाईत पांढरा पंचा घेतला, तर बायका तिलाच म्हणाल्या, “यमुनावहिनी, तुम्हांला आम्ही काय सांगायचं, पण पिवळं लागतं ना!”

यमुनेनं मुकाट्यानं पिवळं फडकं शोधलं.

अशी ती केळवणाची जाणकार झाली. आणि जाणकार झाली म्हणून कुणाला विचारायची सोय गेली. खरं गडगनेर कसं असतं, तिथं नवरीला काय करतात, काय म्हणतात, हे तिला एकवीस वर्षं आतनं कुरतडत होतं. गावी गेली तरी विचारता येईना. चाळिशीची बाई, दोन लेकींची आई, आणि गडगनेर म्हंजे काय वो म्हणून विचारणार? हे सगळं ठाऊक होतं एकट्या नरहरला.

पंच्याण्णव सालच्या जानेवारीत इंदिरा नगरच्या हेमाताईंनी तिला बोलावून घेतलं. हेमाताई नागपूरकडच्या, नवरा भास्करराव बँकेत. त्यांच्या सानिकाचं लग्न ठरलं होतं, फेब्रुवारीत. मुलगा हर्षवर्धन, पुण्यात इंजिनियर, घर फलटणचं. फलटण म्हणजे माणदेशाच्या अंगणातलंच. त्यामुळं हेमाताईंना फार उत्साह होता.

“वहिनी, तुमच्याच भागातले लोक आहेत. केळवण कसं अगदी रीतीनं व्हायला पाहिजे. पण हे पाहा, ही पोरगी काय बोलून राहिली!”

सानिका पलंगावर मांडी घालून संत्रं सोलत होती. तेवीस वर्षांची. मराठी सगळं समजायचं, पण तोंडातनं निघायचं ते लखनौचं हिंदी.

“आंटी, पाँच कटोरी हलवा! हम तो शादी से पहले ही फट जाएँगे. और ऊपर से नाम लो, नाम लो. किसी को मज़ा आता है इसमें? सच बताइए.”

“मजा?” हेमाताई म्हणाल्या. “शेकडो वर्षांची रीत आहे ती! तुझ्या आत्याच्या लग्नात मी नागपूरला याच्यासाठी भांडली. सगळे म्हणत, हे काय नवीन. मी म्हटलं, नवीन नाही, घाटावरचं जुनं आहे. वहिनी, तुम्हीच सांगा तिला. बदलता येते का?”

यमुनेनं चहाचा कप बशीत ठेवला. आपली रीत नागपूरला पोचली, हे तिला आत्ताच कळत होतं. कुणी विचारलं असेल तिथं? कुणी केलं असेल पुन्हा? तिनं स्वतःला आवरलं आणि सानिकाकडं वळली.

“तुझ्या मनात काय हाय, त्ये तर सांग.”

सानिका सरसावून बसली. तिच्या मनात पुष्कळ होतं. गच्चीवर उन्हात सतरंजी टाकायची. टेपवर गाणी लावायची. श्रीवास्तव आंटींची ढोलक हवी. तंबोला हवा. आणि शिरा अजिबात नको.

“म्हणजे किटी पार्टी म्हण ना,” हेमाताई म्हणाल्या.

“शिरा न्हाई तर काय?” यमुनेनं विचारलं.

“बताशे!” सानिका म्हणाली. “पाँच घर का पाँच पानी.”

आता पाणीपुरीला लखनौत बताशे म्हणतात आणि पाच तऱ्हेच्या पाण्याचे बताशे खायला माणसं मुद्दाम लांबून येतात. पाच घरच्या बायकांनी पाच पाणी करून आणायची, नवरीनं डोळे बांधून बताशा तोंडात टाकायचा आणि कुणाचं पाणी ते सांगायचं. यमुनेला एकदम हुरूप आला.

“आन् वळकलं न्हाई तर? परत नाव?”

“नहीं. नहीं पहचाना, तो जिसका पानी है वो हमसे कुछ भी पूछे. पहचान लिया, तो हम उससे पूछेंगे. और जवाब एकदम सच देना पड़ेगा.” सानिकानं संत्र्याची फोड तोंडात टाकली. “शादी के बाद तो सब हमसे ही पूछेंगे आंटी. क्या बनाया, कब आई, कहाँ गई थी. एक दिन हम भी तो पूछें.”

यमुनेला पोरगी आवडली. विचारणारं माणूस तिला आवडायचंच.

“हेमाताई, रीत म्हंजे डोळं बांधनं आन् वळकनं. जिन्नस कुठला, त्ये काय रीतीत न्हाई,” ती ठासून म्हणाली.

“तुम्ही म्हणता तर ठीक आहे बाप्पा,” हेमाताई म्हणाल्या. “पण लतिकाताईंना चालेल का?”

“त्या कोन?”

“सानिकाची सासू! त्यांचे भाऊ हवाई दलात आहेत ना इथं, शिवाजीराव. त्यांच्याकडं येऊन राहिल्या पंधरा दिवस आधी, चिकनच्या भरतकामाच्या साड्या घ्यायच्या म्हणून. मी त्यांना केळवणालाही बोलावून टाकलं. आत्ता चहाला येऊनच राहिल्या त्या.”

यमुना उठायला लागली. पण तेवढ्यात खाली स्कूटर थांबली, आणि फलटणच्या लतिकाताई जिना चढून वरही आल्या. हेडमास्तरांची बायको. पदर नीट, बोलणं नीट, चष्मा नाकावर नीट. बसल्या, पाणी प्याल्या. आणि हेमाताईंनी पहिलंच वाक्य टाकलं, “तुमच्याकडची रीत आम्ही इथं लखनौत जपली आहे बरं का! नवरीचे डोळे बांधून घास ओळखायचा. या यमुनावहिनींनी शिकवली. माणच्याच आहेत.”

संपलं, असं यमुनेच्या मनात आलं. आता ही बाई म्हणणार, कसले डोळे? आणि एकवीस वर्षांचं नाव या दिवाणखान्यात खाली येणार.

लतिकाताईंनी चष्मा सारखा केला. मग म्हणाल्या, “हो, हो. आमच्याकडे आहे ना ती पद्धत. माझ्या आजेसासूबाई फार हौसेनं करायच्या म्हणे.”

यमुना त्यांच्याकडं बघतच राहिली.

टेंपोनं मानक नगरला येईपर्यंत तिचं डोकं चक्रावून गेलं होतं. घरी आल्या आल्या तिनं नरहरला गाठलं. तो सायकलची चेन पुसत बसला होता.

“आवो, ती म्हंती आमच्यात बी हाय म्हणून! म्या माझ्या मनानं काढल्यालं फलटणात कसं आसंल?”

नरहरनं विचार केला. “असतं कवा कवा. इंजनाच्या कामात बी असतं. दोन देशांत दोघांनी येकच पुर्जा काढल्याला असतो, येकमेकाला ठावं बी नसतं.”

“मग म्या काढलं, का आधीपासनं हुतं?”

“तुला कशाला पायजे? ती हाय म्हंती, तू बी हाय म्हन. लगीन हुदे. लोकाच्या पोरीच्या लग्नात सासूला खोटं पाडू नको.”

“आन् ती खोटं बोलत आसंल तर?”

“तर मग तू गप ऱ्हायलीस तरच बरं,” नरहर म्हणाला आणि चेनला तेल सोडायला लागला.

त्याचं बोलणं बरोबर होतं. यमुनेला ते पटलंही. पण ती लतिकाताईंची आजेसासू तिच्या डोक्यातनं जाईना. कोण होती ती बाई? तिला कुणी शिकवलं? तिथंही शिराच का? पिवळं फडकं होतं का?

केळवणाच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. हेमाताईंच्या गच्चीवर दोन सतरंज्या टाकलेल्या. टेपवर गाणी चालू होती, ती श्रीवास्तव भाभींनी ढोलक मांडीवर घेतल्यावर आपोआप बंद झाली. भाभींनी दोन गाणी म्हटली, त्यात नवरदेवाच्या आईला, आत्याला आणि घोडीला यथेच्छ शिव्या होत्या. लतिकाताईंना आधी काही समजेना. समजलं तेव्हा त्या पदरात तोंड लपवून हसल्या. तंबोल्याचा एक डाव झाला. मग पाच पातेली मध्ये मांडली, बताशांची टोपली आली आणि हेमाताईंनी सानिकाच्या डोळ्यांवर चिकनची ओढणी बांधली. पांढरी. पिवळ्याचा विषय काढायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण सानिका म्हणाली, “मम्मी, बस!”

पहिल्या बताशालाच तिनं आईचं पाणी ओळखलं.

“मम्मी! इतना जीरा कोई और डाल ही नहीं सकता. अच्छा बताइए, पापा को पहली बार देखा तो क्या लगा था?”

हेमाताई लाजल्या. बायका ओरडल्या, खरं सांगा, खरं.

“कान,” हेमाताई म्हणाल्या. “कानच दिसले मला पहिले. म्हटलं, बाप्पा, हे तर वाऱ्यानं हलत असतील.”

गच्ची दणाणली. दुसरं पाणी अलीगंजच्या एका बाईंचं, ते सानिकाला ओळखता आलं नाही. त्यांनी विचारलं, मुलगा पाहायला आला तेव्हा तू किती वेळ त्याच्याशी बोललीस? सानिका म्हणाली, चाळीस मिनिटं, आणि त्यातली तीस तो क्रिकेटवर बोलला. तिसऱ्या पाण्याला तिनं भाभींना पकडलं आणि विचारलं, ढोलक बजाना किससे सीखा? भाभी म्हणाल्या, इनकी बुआ से, ससुराल में छुपकर, क्योंकि सास को पसंद नहीं था. चौथं पाणी शेजारच्या बाईंचं, तेही हुकलं. त्या बाईंना प्रश्न सुचेना, तेव्हा तो तसाच राहिला.

पाचवं यमुनेचं. तिनं काय केलं असेल? माणदेशातनं आलेले हुलगे तिच्या डब्यात होते. ते शिजवून त्यांचं पाणी काढलं, त्यात लसूण, चिंच आणि तिखट घातलं. लखनौच्या बताशात हुलग्याचं पाणी कसं लागतं, हे तिला बघायचंच होतं. आपण लगेच ओळखले जाऊ, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

सानिकानं बताशा तोंडात टाकला. तिचा चेहरा आक्रसला, ठसका लागला, डोळ्यांवरची ओढणी ओली झाली.

“ये... ये तो यमुना आंटी हैं! ये क्या है आंटी, दवाई?”

“हुलगं हाय. ताकद येती,” यमुना म्हणाली.

हसू थांबल्यावर सानिकानं बांधलेल्या डोळ्यांनीच तिच्या दिशेला तोंड केलं. “अच्छा आंटी, अब हमारी बारी. ये आँख बाँधने वाली रस्म कितनी पुरानी है? मम्मी कहती हैं सैकड़ों साल. आपको किसने सिखाई?”

साधा प्रश्न होता. पोरीच्या मनात काही नव्हतं. गच्चीवरच्या सगळ्या बायका कौतुकानं यमुनेकडं वळल्या. समोर लतिकाताई बसल्या होत्या, हातात रिकामी वाटी.

यमुनेला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या आजीनं शिकवली, एवढंच. पण नियम असा पडला होता की खरं सांगायचं, आणि हेमाताईंनी ते भर गच्चीत सांगितलं होतं, कानांसकट. आणि यमुना जन्मभर लोकांना विचारत आली होती. भाजीवाल्यानं खोटं सांगितलं तर तिला चालत नसे. उलट, खरं सांगितलं तर ही समोरची बाई भर सोहळ्यात खोटी ठरणार. दहा दिवसांवर लग्न. नरहरनं बजावलेलं.

“येकवीस वर्सं,” ती म्हणाली.

“क्या?”

“येकवीस वर्सं जुनी हाय. चौऱ्याहत्तर सालची. कुनी शिकवली न्हाई. म्या काढली.”

भाभींनी शेजारणीला विचारलं, “क्या कह रही हैं?”

यमुना बोलायला लागली ती थांबेना. “माझं गडगनेर झालंच न्हवतं. दुस्काळ हुता. पद्माबाईनी इचारलं, मला लाज वाटली, सांगून टाकलं कायतरी. पर अगदीच हवेतलं न्हवतं त्ये. खडी फोडायला आमी पोरी बसायचो ना, तवा सरकारनं लाल मिलो दिल्याला. परदेसातनं आल्याली जवारी. समद्यांच्या फडक्यात तीच लाल भाकरी. मग दुपारच्याला आमी डोळं झाकायचो आन् येकमेकींच्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकून वळकायचो, कुनाच्या आईची हाय. पीठ तेच, पानी तेच. तरी वळकू यायची. ह्ये कसं हुतं, ह्याचं मला लई नवल वाटायचं. तेच तोंडाला आलं.”

हेमाताईंचा चेहरा लाल झाला होता. “वहिनी, काय बोलून राहिल्या तुम्ही? मी नागपूरला भांडली! सख्ख्या जावेशी वर्षभर अबोला धरला मी याच्यासाठी!”

“व्हय. चुकलं माझं.”

“आणि या लतिकाताई म्हणाल्या ते? त्यांच्याकडं तर आहे ना ही रीत?”

आता सगळ्यांची तोंडं लतिकाताईंकडं वळली. त्यांनी वाटी खाली ठेवली.

“त्यांच्याकडं आसंल,” यमुना घाईनं म्हणाली. “म्या फक्त माझं सांगितलं. दोन जागी येकच गोस्ट निघती कवा कवा. इंजनात बी निघती.”

सानिकानं ओढणी वर सारली होती. तिनं यमुनेकडं बघितलं, मग सासूकडं. आणि उठून ती ओढणी लतिकाताईंपाशी घेऊन गेली. “अब आपकी बारी, आंटी. सिर्फ़ हमारी ही आँखें क्यों बँधें?”

लतिकाताईंनी चष्मा काढून पदरात धरला आणि डोळे बांधून घेतले. सानिकानं मागं झाकून ठेवलेलं एक सहावं पातेलं पुढं ओढलं. ते तिनं स्वतः केलेलं पाणी होतं, पुदिना जास्त, मीठ कमी. लतिकाताईंनी बताशा खाल्ला. बराच वेळ चावला.

“हेमाताईंचं.”

“नहीं! हमारा है.” सानिकानं टाळी वाजवली. “अब हम पूछेंगे.”

हेमाताई तर पोरीचं मनगट धरायलाच पुढं झाल्या. ही आता त्या रीतीबद्दलच विचारणार, असं गच्चीवरच्या सगळ्यांना वाटत होतं.

सानिका म्हणाली, “हर्षवर्धन खर्राटे लेते हैं?”

एक क्षण कुणाला कळेना हसावं की काय. मग पहिल्या लतिकाताईच हसल्या, डोळे बांधलेलेच, खांदे हलवत. “घोरतो. बापासारखाच घोरतो. भिंतीकडे तोंड करून झोपवायचं, मग कमी होतं.” हसणं ओसरल्यावर त्यांनी ओढणीला हात लावला, पण काढली नाही. तशाच म्हणाल्या, “आणि तू विचारलं नाहीस, तेही सांगते. आमच्याकडे असली काही पद्धत नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. आजेसासूबाईंना तर मी पाहिलंसुद्धा नाही.”

“मग हो का म्हणाल्या?” हेमाताईंनी विचारलं.

“इतक्या लांब येऊन तुम्ही आमची रीत जपली म्हणता, आणि मलाच ठाऊक नाही, असं कसं म्हणायचं? मला वाटलं, आमच्याच घरात राहून गेली असेल. हेडमास्तरांच्या घरात काही ठाऊक नाही म्हणायची सवय नसते.” त्यांनी ओढणी काढली आणि चष्मा लावून यमुनेकडं पाहिलं. “तीन दिवस मला झोप नाही. फलटणला दोन पत्रं टाकली मी, कुणाला माहीत आहे का ते विचारायला.”

“मी बी तुमच्या आजेसासूचाच इचार करत हुती!” यमुना म्हणाली.

भाभींना आता कुणीतरी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ढोलकीवर एक थाप मारली आणि म्हणाल्या, “तो क्या हुआ? हमारे यहाँ की आधी रस्में भी किसी यमुना ने ही निकाली होंगी.”

हेमाताईंनी मात्र तोंड फिरवलं आणि पातेली उचलायला लागल्या. भांड्यांचा आवाज जरा जास्तच होत होता. त्यांचा राग उतरायला पुढं होळी उजाडली. नागपूरच्या जावेला त्यांनी काय कळवलं, ते कुणालाच कळलं नाही.

पण यमुनेचं लक्ष तिकडं नव्हतं. ती सतरंजीवरनं सरकत सरकत लतिकाताईंच्या पुढ्यात जाऊन बसली होती. जे जायचं होतं ते नाव गेलं होतं. आता विचारायला कशाची आडकाठी होती? एकवीस वर्षांचा प्रश्न तिच्या तोंडात आला.

“लतिकाताई, आता तुमीच सांगा. खरं गडगनेर कसं आसतं? नवरीला काय करत्यात?”

“काय करतात म्हणजे?”

“म्हंजे रीत. असली. म्या येकदा बी बघितली न्हाई वो.”

लतिकाताईंनी आठवून बघितलं. “जेवायला घालतात.”

“आन्?”

“पाट मांडतात, ताटाभोवती रांगोळी काढतात. गोडधोड करतात. ओटी भरतात, एखादं लुगडं देतात. आणि पोटभर जेवायला घालतात.”

“आन् त्येच्या फुडं?”

“पुढं काय? नवरी जेवून घरी जाते.”

“येवढंच?”

“एवढंच.”

यमुना कमरेवर हात ठेवून बसली. टोपलीत चार-दोन बताशे उरले होते. त्यातला एक उचलून तिनं कोरडाच तोंडात टाकला आणि चावत चावत म्हणाली, “अगं बया! येवढं तर मला बी सुचलं आसतं.”